भूपालच्या गाडीचा निकाल

“आधी बूड, मग पाय,” भूपाल म्हणाला. “डोकं सगळ्यात शेवटी.”

मी नेमकं उलटं केलं होतं. आधी डोकं आत घातलं, मग एक पाय, आणि उरलेला मी दुपारच्या उन्हात बाहेरच राहिलो. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी बैलगाडीत बसलो होतो, विटांच्या ट्रकमध्ये बसलो होतो, एकदा शववाहिकेतही बसलो होतो (पुढे, ड्रायव्हरशेजारी). यातल्या कुठल्याही वाहनाने मला बसायची पद्धत विचारली नव्हती.

“अंत्या, लेका, वाकून काय बघतोस? सीट आहे ती, विहीर नव्हे.”

“बसायचं कुठं ते बघतोय.”

“तो खड्डा दिसतोय ना? तीच सीट.”

शेवटी ट्रॅकवरच्या मेकॅनिकने मला खांद्याला धरून, बरणीत लोणचं दाबून भरतात तसं गाडीत भरलं. चारी बाजूंनी पट्टे आवळले. डोक्यावर हेल्मेट चढवलं. दार ओढून घ्यायला गेलो तर आतून मूठच नव्हती. तिथे एक कापडी पट्टी शिवलेली होती, शाळेच्या दप्तराला असते तशी.

“मूठ तुटली का रे?”

“काढलीय. कंपनीनंच काढलीय. वजन वाचतं.”

“किती?”

“असेल दोनशे ग्रॅम.”

दुपारी जेवताना मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्या. ते मी त्याला सांगितलं नाही.

ही बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. भूपाल मगदूम आणि मी पाचवीपासून एका बाकावर. पुढे तो वडिलांच्या फाउंड्रीत गेला आणि मी वर्तमानपत्रात. तो ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे ब्रेक ड्रम ओतायचा. मी रविवारच्या पुरवणीत एक विनोदी सदर लिहायचो आणि दर आठवड्याला कोल्हापुरातल्या कुणाची तरी टोपी उडवायचो. त्याच्या मालाची गॅरंटी असायची. माझ्या मालाचं तसं काही नव्हतं.

त्याआधीच्या दिवाळीत भूपालने ही गाडी घेतली. जर्मन, पिवळी, दोन कोटी चाळीस लाखांची. ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळायलाच बनवलेली होती. रस्त्यावर चालवायला कायद्याची ना नव्हती, पण गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर आणि भूपालच्या घरापासून ट्रॅकपर्यंत सतरा स्पीडब्रेकर. म्हणून ती ट्रकवर चढवून न्यायची. शहराबाहेरच्या माळावर एका हौशी माणसाने शेती परवडत नाही म्हणून हा दीड किलोमीटरचा ट्रॅक बांधला होता. ट्रॅकही परवडत नाही, असं तो सांगायचा. पण हे हसत सांगायचा.

गाडी घरी आली तेव्हा पद्मावहिनी ताट घेऊन ओवाळायला बाहेर आल्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी आत डोकावून विचारलं, “मागं बसायचं कुठं?”

मागे बसायला काही नव्हतं. मागे एक लोखंडी पिंजरा होता.

“गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून आहे तो,” भूपाल म्हणाला.

“म्हणजे उलटणार हे धरूनच केलीय,” वहिनी म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

त्यानंतर तीन महिने त्या घरात गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. भूपालचा मुलगा सन्मती तेव्हा नुकताच कारखान्यात लक्ष घालायला लागला होता. त्याचं म्हणणं, तेवढ्या पैशात साचे बनवायचं नवं मशीन आलं असतं. वहिनींचं म्हणणं, माणूस सुखरूप घरी आला तर मशीन नाही आलं तरी चालेल. भूपालचं म्हणणं काय, ते कुणी विचारत नव्हतं.

मगदूमांच्या घराण्याची एक रीत आहे. घरातलं भांडण कोर्टात जात नाही आणि घरातही मिटवत नाहीत. बाहेरचा एक माणूस पंच म्हणून बोलवायचा, त्याच्यापुढे सगळ्यांनी एकेकदा बोलायचं, आणि तो म्हणेल ते संपलं. भूपालच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी तासाभरात केली होती. एका भावाला भट्टी गेली, दुसऱ्याला जागा. दोघे मरेपर्यंत एकमेकांकडे जेवायला जात होते.

तर आदल्या रविवारी मला बोलावणं आलं.

“गाडी ठेवायची का विकायची, एवढंच सांगायचं, काका,” सन्मती म्हणाला.

“अरे, मी स्कूटरवाला माणूस. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच,” तिघे एकदम म्हणाले. तीन महिन्यांत त्या घरात झालेलं ते पहिलं एकमत.

भूपालने एकच अट घातली. “हा आधी गाडीत बसणार. ट्रॅकवर, माझ्या शेजारी. मग बोलणार.”

शनिवार ठरला. निकाल त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी. मगदूम जैन. सूर्य मावळायच्या आत त्यांची पानं उठलेली असतात, त्यामुळे निकालाला साडेपाचच्या पुढे मुदत नव्हती.

मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा भूपाल घुटमळला. हा माणूस कुठे घुटमळत नाही. भट्टीतला लोखंडाचा रस लालाचा पांढरा कधी होतो हे तो पाठमोरा उभा राहून सांगतो.

“अंत्या,” तो म्हणाला, “चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या थांबवायचं सामान केलं. गाडी पळते कशी, ते काही बघितलं नाही. घर बांधलं ते आईसाठी, कारखाना वाढवला तो पोरासाठी. ही एवढी एक वस्तू मी माझ्यासाठी घेतलीय. बघ बाबा.”

“बघतो की,” मी म्हणालो.

आणि आता मी त्या खड्ड्यात पट्ट्यांनी बांधलेला होतो आणि तो शेजारच्या खड्ड्यात.

“घाबरलास तर हात वर कर.”

“हात वर होईल असं काही तू मोकळं ठेवलेलं नाहीस.”

पहिली फेरी त्याने सावकाश मारली, पाहुण्याला घर दाखवावं तशी. हे वळण, इथं जरा उतार आहे, इथं परवा साप निघाला होता. मी ‘अच्छा, अच्छा’ म्हणत होतो. हेल्मेटमुळे त्यातलं त्याला काही ऐकू जात नसावं.

दुसऱ्या फेरीला ट्रॅकचा सरळ पट्टा लागला आणि मागून कुणीतरी मला लाथ घातली. निदान मला तसं वाटलं. माझी मान सीटला चिकटली. पट्ट्याच्या टोकाला टायरांची भिंत रचलेली होती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. ती जवळ यायला लागली. भूपाल ब्रेक दाबेना. भिंतीतला एकेक टायर वेगळा दिसायला लागला. भूपाल ब्रेक दाबेना. मग माझ्या बाजूला नसलेला ब्रेक मी दोन्ही पायांनी दाबला, आणि त्याच क्षणी त्याने त्याच्या बाजूचा असलेला दाबला. पट्टे छातीत रुतले. भाकऱ्या पुढे गेल्या, मी मागे राहिलो. गाडी वळली, आणि वळताना ती रस्त्यावरून तसूभरही सरकली नाही.

मी भूपालच्या हातांकडे बघितलं. रस ओततानाही त्याचे हात असेच असतात. घाई नाही, ताण नाही. त्याचा चेहरा हेल्मेटात होता, पण तो गात होता. इंजिनाच्या आवाजात गाणं ऐकू येत नव्हतं, खांद्यांवरून कळत होतं. पन्नास वर्षांच्या ओळखीत मी भूपालला गाताना बघितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पाचव्या फेरीनंतर गाडी थांबली, मला बरणीतून काढलं आणि एका टायरच्या ढिगावर ठेवलं.

भूपाल हेल्मेट काढून समोर उभा राहिला. घामाने केस चिकटलेले, गाल लाल.

“काय?”

“पाणी,” मी म्हणालो.

त्याने बाटली आणून दिली. चाकापाशी उकिडवा बसला, हात जवळ नेऊन तिथली धग बघितली आणि म्हणाला, “शंभर वेळा असंच दाबलं तरी पहिल्यासारखाच लागेल हा ब्रेक. आपल्या ड्रमचं हे काम नव्हे.” दुसऱ्याच्या मालाची एवढ्या कौतुकाने तारीफ करणारा कारखानदार मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

गाडी ट्रकवर चढली. आम्ही त्याच्या नेहमीच्या गाडीतून परत निघालो. त्या गाडीत रेडिओ होता, गारवा होता, दाराला मुठी होत्या. नाका आल्यावर तो एवढंच म्हणाला, “संध्याकाळी तुला वाटेल ते बोल, अंत्या. माझ्याकडं बघून बोलू नको.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

रविवारची पुरवणी रविवारी छापत नाहीत. ती गुरुवारी रात्री छापून होते आणि गठ्ठे बांधून ठेवतात. रविवारच्या ताज्या अंकात घडी घालून ती वाचकाच्या दारात पडते, आणि वाचकाला वाटतं सगळं कालच लिहिलंय. माझ्या सदराचा मजकूर बुधवारी द्यावा लागायचा. आणि त्या बुधवारी माझ्याकडे दुसरा विषय नव्हता.

म्हणजे लेख मी आधीच लिहून दिला होता. गाडी तोवर फक्त भूपालच्या पोर्चमध्ये, आच्छादन घातलेली बघितली होती, बाकीचं त्याच्या घरच्यांकडून ऐकलं होतं. पण लिहायला तेवढं पुरलं. मित्राचं नाव बदललं होतं. लिहिलं होतं, कंपनीने गाडीतून रेडिओ काढला आणि त्याचे जादा पैसे घेतले. मागची सीट काढली, त्याचे आणखी. एसी काढला तेव्हा मित्राने कर्ज काढलं. कंपनीने इंजिनही काढलं असतं, तर मग ती गाडी माझ्या मित्राला परवडलीच नसती. पुढे गाडीला न्यायला लागणारी गाडी होती, वहिनींचा पिंजरा होता, आणि शेवटचं वाक्य होतं, “निघालो तिथंच परत यायला दोन कोटी चाळीस लाख लागत असतील, तर घरी बसलेलं काय वाईट?”

हे सांगायला लाज वाटते, पण लेख फार चांगला जमला होता.

पाचला सगळे दिवाणखान्यात बसले. स्वयंपाकघरात पानं घेतलेली दिसत होती. सन्मती बोलला. वहिनी दारात उभ्या राहून बोलल्या. भूपाल म्हणाला, “मला बोलायचं होतं ते ट्रॅकवर बोललो.” मग तिघे माझ्याकडे बघायला लागले.

मी ‘ठेव’ म्हटलं असतं तर ती गाडी राहिली असती. एवढं सोपं होतं. पण मग उद्या सकाळी सगळ्या कोल्हापूरने माझा लेख वाचला असता, आणि परवा मगदूमांच्या पंचाने काय निकाल दिला तेही कळलं असतं. दोन्हीतलं खरं कुठलं, असं चहाच्या टपरीवर मला विचारलं असतं. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या टोप्या उडवल्या त्याची टोपी उडाली असती. आणि ते शेवटचं वाक्य तोंडात तयार होतं.

“निघालो तिथंच परत यायला,” मी म्हणालो, “दोन कोटी चाळीस लाख लागत असतील, तर घरी बसलेलं काय वाईट?”

आधी सन्मती हसला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. तीन महिन्यांनी त्या घरात हसू आलं होतं, आणि ते मी आणलं होतं. भूपालही हसला. हसून झाल्यावर तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मी अजून काही बोलणार आहे असं धरून.

“म्हणजे विकायची,” तो म्हणाला.

“विकायची.”

“बरं. वाढ गं. सूर्य चाललाय.”

त्या दिवशी वहिनींनी आमरसाच्या वड्या ठेवल्या होत्या. भूपालने माझ्या पानात दोनदा वाढल्या.

पंधरा दिवसांत हैदराबादचा कुणीतरी गाडी घेऊन गेला. ट्रकवर गाडीचे पट्टे भूपालने स्वतः आवळले, सैल तर नाहीत ना ते दोनदा बघितलं आणि शिफ्ट बदलायच्या वेळेला कारखान्यात गेला. आलेल्या पैशात मशीन आलं. ते अजून उत्तम चालतं. सन्मती भेटला की म्हणतो, “काका, तुमचा निकाल करेक्ट होता.” असेलही. मशीनकडे बघितलं तर तसंच वाटतं.

लेख माझा सगळ्यात गाजलेला. लोक वाक्यं पाठ म्हणायचे. साठीला माझा सत्कार झाला तेव्हा मी तो वाचून दाखवला. भूपाल पहिल्या रांगेत होता. इंजिनाच्या वाक्याला सगळ्यात आधी तो हसला, वाक्य पूर्ण व्हायच्याही आधी.

मी निवृत्त झालो, सदर बंद पडलं. गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी मी न कळवता त्याच्याकडे गेलो. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तो खालच्या खोलीतच असतो. आरामखुर्चीत बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, तो शब्दकोडं सोडवत होता.

“ये. आडवा सात अडलाय.”

मी शेजारी बसलो आणि कोड्यात डोकावलो. पानाच्या वर तारीख होती. उद्याची.

“भूपाल, ही रविवारची पुरवणी.”

“हं.”

“आज शनिवार आहे.”

“नाक्यावरच्या एजंटाकडं गठ्ठा आधी येतो. तो मला शनिवारी सकाळीच टाकतो. कोडं निवांत सोडवायला लागतं मला.”

“कधीपासून?”

“झाली की पंचवीस वर्षं.”

खोलीत भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याचा आवाज यायला लागला. तो आधीपासून येत असणार.

“म्हणजे त्या शनिवारी…”

भूपालने पेनला टोपण लावलं. “सकाळी सातला वाचला. ते इंजिनाचं वाचून फाउंड्रीत एकटाच हसत सुटलो. मुकादम बघायला आला, साहेबांना काय झालं म्हणून.”

“मग मला गाडीत कशाला बसवलंस?”

“लेख तू बसायच्या आधी लिहिला होतास. आपली अट काय होती? आधी बसायचं, मग बोलायचं. म्हटलं लेख राहू दे लेखाच्या जागी. बसल्यावर काय म्हणतोस ते बघू.”

“आणि मी…”

“तेच म्हणालास. शब्द न शब्द.”

“अरे, मग तिथंच बोलायचंस ना! तोंडावर फेकायची होतीस पुरवणी!”

“आमच्यात पंचाला उलटं विचारत नाहीत,” भूपाल म्हणाला आणि पुन्हा आडव्या सातकडे बघायला लागला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, “भूपाल, खरं सांगू?”

“सांग की.”

“चाळीस वर्षं माझ्या डोक्यात चोवीस तास लेख चालू असायचा. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो. समोरचा माणूस रडतोय आणि मी आत वाक्य जुळवतोय. बाप गेला त्या दिवशीसुद्धा. तुझ्या गाडीत, त्या पाच फेऱ्यांत, माझ्या डोक्यात एक वाक्य आलं नाही. एक शब्द नाही. जन्मात मिळालेली तेवढीच सुट्टी. टायरवर बसून पाणी प्यायलो ना, तेव्हा मला रडू येत होतं. दोन कोटी चाळीस लाखांत स्वस्त पडली रे ती गाडी.”

भूपाल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हललं. मग खुर्ची हलली. त्याने पुरवणी मांडीवरून खाली ठेवली, चष्मा काढला आणि तो हसत सुटला. हसता हसता खोकला आला, खोकून पुन्हा हसला.

“स्वस्त पडली!” तो डोळे पुसत म्हणाला. “स्वस्त!”

आतून वहिनींनी विचारलं, “काय झालं हो एवढं हसायला?”

“काही नाही गं,” भूपालने ओरडून सांगितलं. “अंत्या आलाय. ह्याला या वयातही सुचतं.”